पडद्यामागची रेकॉर्ड

क्लबाच्या सेक्रेटरीला परदेशवारी जी बाधली ती कायमचीच. सहा आठवडे तिकडे राहून गडी टँगो नावाचा नाच घेऊन परतला आणि साधं चालणं त्याने सोडूनच दिलं. ऑफिसच्या जिन्यातसुद्धा तो मान झटकून वळे. त्याचं बघून वकील, दलाल, कापडवाले, सगळे आपापल्या बायकांना छातीशी धरून दर रविवारी दुपारी चारला क्लबाच्या हॉलमध्ये असे काही सरपटू लागले, की फरशी पुसायला बाई ठेवायची गरजच उरली नाही.

हा तमाशा अकरा वर्षं बघत होते भातेमास्तर. क्लबाच्या पियानोचे सूर लावायचं काम त्यांच्याकडे होतं. पण खरा जीव अकॉर्डियनमध्ये. त्याचा भाता छातीवर घासून घासून शर्टाची वरची तीन बटणं गेली होती, त्यावरूनच हे नाव पडलं. तरुणपणी जहाजावर नोकरीला असताना सात बंदरांत आपण टँगो वाजवला, असं ते सांगत. म्हणजे पाच तरी धरायला हरकत नाही.

मास्तरांची इच्छा एवढीच, की या हॉलमध्ये एकदा समोर बसून वाजवावं. सेक्रेटरी नाक मुरडे. "हात चांगलाय हो तुमचा, पण घरगुती वाटतो. टँगो म्हणजे तिकडची रेकॉर्ड!"

एका रविवारी क्लबात खुद्द टँगोच्या देशाची पाहुणी येणार होती, आणि नेमकं त्याच दुपारी रेकॉर्डच्या मशीनने राम म्हटला. सेक्रेटरी चकाकत्या बुटांनिशी धापा टाकत मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, लाज राखा. तुम्ही पडद्यामागे बसा आणि वाजवा. रेकॉर्डच वाटली पाहिजे. खरखरीसकट!"

मास्तरांची बायको इस्त्री करत होती. "खरखर करायला यांनाच कशाला नेता? आमची चाळण न्या की."

"वहिनी, थट्टा नको."

"थट्टा तुम्हीच चालवलीय. माणसाला पडद्यामागे बसवणार आणि पाहुण्यांना मशीन म्हणून सांगणार!" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही जाणार आहात का?"

मास्तर तोवर अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवत होते. हॉल तो हॉल, पडदा असला म्हणून काय झालं! अकरा वर्षांची भूक माणसाला असं काहीही पटवते.

चारला पडद्यामागून सूर निघाले. दोन तुकडे वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्या आणि वकिलाचा आवाज आला, "ऐकलंत? याला म्हणतात अस्सल! आपल्याकडच्यांना सात जन्मांत जमायचं नाही."

"आपल्याकडचे नुसता भाता ओढतात हो," दलालाने पुस्ती जोडली.

मास्तरांची कानशिलं तापली. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. वकील लाकडी घोड्यासारखा मान उडवत होता. दलालाने बायकोला इतकं मागे वाकवलं होतं, की तिला छताचीच ओळख होत होती. आणि या असल्या लोकांसमोर वाजवायला आपण अकरा वर्षं झुरलो!

तिसऱ्या तुकड्यात मास्तरांनी सुई अडकवली. म्हणजे चार सुरांची एकच ओळ पुन्हा वाजवली, मग पुन्हा, मग पुन्हा.

दोन पावलं मागे, बायको वाकवायची, मान झटकायची. पुन्हा दोन पावलं मागे. कुणी थांबेना. थांबलं तर आपल्याला टँगो कळत नाही असं दिसणार! "मूळ रेकॉर्डच अशी आहे," असं सेक्रेटरीने नाचता नाचताच जाहीर केलं. अर्धा तास झाला. वकिलाची मान एका बाजूला वळून राहिली, दलालाच्या बुटाची टाच निखळून थेट सरबताच्या भांड्यात पडली, तरी दोघांची पावलं चालूच.

शेवटी भात्याची धूळ घशात जाऊन मास्तर खोकले.

पाहुणी उठली. "रेकॉर्डला खोकला?" तिने तोडक्यामोडक्या भाषेत विचारलं आणि पडदा बाजूला केला.

हॉल गार पडला. मग वकील वाकड्या मानेनेच म्हणाला, "तरीच! मला पहिल्या सुरापासून बेसूर लागत होतं."

"मलाही!"

"घरगुतीच वाटत होतं."

सगळे निकालासाठी पाहुणीकडे बघू लागले. ती गोंधळली. "मला काय विचारता? मी दातांची डॉक्टर. टँगो मला येत नाही. पण हा माणूस छान वाजवतो. पुढचं नाही वाजवणार?"

सेक्रेटरीचा चेहरा असा फिरला, की तेवढं चपळ वळण त्याला नाचात कधी जमलं नव्हतं. "मास्तर, या, या, समोर बसा! मी कधीचा म्हणत होतो..."

मास्तर आले. हॉलच्या मधोमध खुर्ची ओढून बसले आणि भाता मांडीवर टेकवला. "वाजवतो. पण आधी सगळ्यांनी खाली बसायचं. नाचायचं कुणी नाही."

"म्हणजे? टँगो आणि नाचायचं नाही?"

"तुमचं ते बघितलं की माझी बोटं चुकतात."

बसले बिचारे! ओळीने, हात गुडघ्यांवर ठेवून. मास्तरांनी सातही बंदरं वाजवली. मध्ये एकदा दलालाचा बिनटाचेचा बूट ठेका धरू लागला. मास्तरांनी न थांबता नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बूट हळूच खुर्चीखाली गेला.