रोहिणीच्या टाइपरायटरचा जळफळाट

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? जळतो मी. मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे आणि बीडच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यात खिडकीखाली बसून समोरच्या कम्प्युटरवर जळतो.

आमचे मालक ईश्वरप्पा इलेक्ट्रॉनिक काटे बनवतात. काटा कसा वापरायचा, याची पुस्तिका रोहिणी लिहिते. सहा वर्षं ती माझ्यावरच लिहायची. पान पक्कं करण्याआधी ती भिवराबाईला हाक मारी. भिवराबाई कारखान्यात झाडलोट करते. साक्षरता वर्गात वाचायला शिकलेली. एकेक अक्षर लावत ती वाचायची आणि लिहिलं असेल तस्सं करायची. ती अडली की रोहिणी ओळ बदलायची. मग माझी टकटक पुन्हा सुरू. काय दिवस होते ते!

शहाण्णव साली तो पांढरा ठोकळा आला. आल्या आल्या त्याला पंखा, झाकायला कापड, उदबत्ती! मला मेलं थेंबभर तेल मिळेना. नव्या काट्याची पुस्तिका त्याच्यावर झाली. ओळी नुसत्या वर-खाली सरकवता येतात, याचंच रोहिणीला केवढं कौतुक! पान इतकं देखणं निघालं, की भिवराबाईला हाक मारायचं राहूनच गेलं.

आठवड्यात तेलगावचे कापूस व्यापारी बंकटशेठ काटा घेऊन दारात. "कावून वं ताई? पोतं ठेवलं तरी शून्यच दावतो! पुस्तकात हाय तसंच केलं म्या."

ओळी सरकवताना घोळ झाला होता. शून्याचं बटण रिकाम्या काट्यावर दाबायचं. छापलं होतं पोतं ठेवल्यावर. ईश्वरप्पा कडाडले, "उद्यापर्यंत नीट न्हाई झालं, तर पुस्तिका पुण्याहून लिहून आणीन. मग तुझं काम न्हाई इथं."

खरं सांगतो, मला लई आनंद झाला. आता येईल झक मारत माझ्याकडे! पण रोहिणी डोळे पुसून त्याच्यापुढेच बसली. ओळी जागेवर आणल्या आणि हाक मारली, "भिवरामावशी, जरा या."

भिवराबाईनं वाचलं, बटण दाबलं, एकोणचाळीस किलोंचं पोतं ठेवलं. काट्यावर एकोणचाळीस किलो, अगदी बरोबर.

"समजलं का, मावशी?"

"समजलं की! लई सोपं हाय."

रोहिणीचं काम वाचलं. माझं मात्र तोंड उतरलं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यामुळे पुस्तिका बिनचूक होते. ती तर मावशीला विचारल्यामुळे होत होती!

म्हणून सांगतो मित्रांनो, लिहिलेलं कितीही देखणं असो, वापरणाऱ्याच्या हाती देऊन बघा. माझी जळजळ गेली का? छे! आता मी नुसता कम्प्युटरवर नाही, भिवराबाईवरही जळतो. समजलं का, असं तिला विचारतात. सहा वर्षं सगळ्या पुस्तिका माझ्या अंगावरून गेल्या, पण मला एकदाही कुणी विचारलं नाही.