क्वांबोकाची प्रार्थना

क्वांबोका प्रार्थना करायला लागली की आमच्या चर्चमधले डुलक्या काढणारेसुद्धा ताठ बसतात. आमच्या किसी भागातल्या डोंगरात असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. त्याच आवाजाने घात केला, आणि आता तिला अन्न गोड लागत नाही.

आमच्याच गावच्या केमुंतोचा नवरा वारला आणि दिराने तिच्या चहाच्या मळ्यावर हक्क सांगितला. खटला मॅजिस्ट्रेट ओगेतोसाहेबांपुढे होता. निकालाच्या आदल्या दिवशी दिराने क्वांबोकाला स्वयंपाकाला बोलावलं. तिने कोंबडी रांधली, मक्याच्या पिठाची उगाली घोटली, आणि पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला अंगणात आली, तर समोर ओगेतोसाहेब! दुसऱ्या दिवशी मळा दिराचा झाला.

हेच साहेब आता उच्च न्यायालयात न्यायाधीश व्हायला निघाले. न्यायाधीश नेमणाऱ्या नैरोबीच्या आयोगाने जाहीर केलं, कुणाची हरकत असेल तर शुक्रवारच्या आत शपथेवर लिहून द्या.

"तू डोळ्यांनी पाहिलंयस," केमुंतो म्हणाली. "माझं कोण ऐकणार? हरलेली बाई, बोंबलतेय म्हणतील."

"सोमवारी जाऊ गं वकिलाकडे. साहेबांच्या हातावर पाणी मीच घातलंय ना, मग मीच सांगते."

पण मध्ये रविवार आला. चर्चच्या छपरासाठी वर्गणीचा कार्यक्रम होता आणि आमचे खासदार मासेसे आले ते ओगेतोसाहेबांनाच गाडीत घालून. निवडून आल्यापासून या माणसाने आमच्या रस्त्यावर खडी टाकलेली नाही, पण माईक मात्र स्वतःचा आणतो. आमच्याकडे प्रार्थनेशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, आणि प्रार्थना सांगितली तर कुणी नाही म्हणत नाही. मासेसेंना हे पक्कं ठाऊक.

"आपल्या गावाला आजवर न्यायाधीश मिळालाय का? नाही ना? मग आपल्या लेकराला आशीर्वाद नको? क्वांबोकाबाई, या बघू पुढे!"

दोन शब्दांत उरकायचं, असं तिने ठरवलं होतं म्हणे. पण माईक हातात आला, बायकांनी हुंकार भरला आणि बाईला भान राहिलं नाही. "देवा, ज्याचे हात स्वच्छ आहेत, त्याला वर ने!" आम्ही सगळे ओरडलो, आमेन! सवयीने केमुंतोसुद्धा म्हणाली. मग तिने डोळे उघडून क्वांबोकाकडे पाहिलं.

सोमवारी क्वांबोका घराबाहेर पडली नाही.

"देवापुढे एक बोलले, आता शपथेवर दुसरं कसं बोलू?" ती मला म्हणाली.

"मग पहिलं कशाला बोललीस?" मी फटकारलं. पण मला तरी बोलायला तोंड कुठे होतं? आमेन म्हणणाऱ्यांत मीही होतेच. शुक्रवार तसाच गेला.

मुलाखत आम्ही दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. आयोगाच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या गावाकडून काही तक्रार?"

"तक्रार कसली? गावच्या बायकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली," साहेब हसून म्हणाले. बाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. केमुंतो माझ्या शेजारीच उभी होती. साखर न्यायला आली होती, न घेताच गेली.

साहेब न्यायाधीश झाले. आभाराच्या कार्यक्रमाला पुन्हा मासेसे, पुन्हा तोच माईक, पुन्हा क्वांबोका. झुरून झुरून पार सुकली होती. तिने डोळे मिटले.

"देवा, या माणसाच्या हातावर मी पाणी घातलं. निकालाच्या आदल्या दिवशी, केमुंतोच्या दिराच्या अंगणात. मी वाढलं आणि तो जेवला. मागच्या वेळी तुझ्यापुढे मी खोटं बोलले."

चालू प्रार्थना कुणी तोडत नाही, म्हणून मासेसेही मान खाली घालून उभे. मी हळूच डोळे किलकिले केले. ओगेतोसाहेब रुमालाने कपाळ पुसत होते. क्वांबोका श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात मासेसे दणकून "आमेन!" म्हणाले, माईक काढून घेतला आणि गायकांना खूण केली. ढोल वाजायला लागले.

बाहेर आल्यावर क्वांबोकाने केमुंतोचा हात धरला. रडत होती. "सांगितलं बघ मी. सगळ्यांसमोर सांगितलं."

केमुंतोने हात सोडवून घेतला, पण झिडकारून नाही.

"देवाला ते आधीच माहीत होतं, क्वांबोका," ती म्हणाली. "आयोगाला माहीत नव्हतं."