सुई उचलली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. पण तुमच्या आजोबांकडे असतो तसला, लाकडी पेटीत बसून सावकाश भावगीतं ऐकवणारा नव्हे. मी डिस्कोत वाजलेला, मार खाल्लेला आणि कोर्टाच्या टेबलावर ठेवलेला प्लेअर आहे. माझ्या सुईचा दांडा वाकडा आहे. एका कोपऱ्याचा पत्रा आत गेला आहे. माझ्या उजव्या हाताला माझा जुळा भाऊ असायचा, तिथे आता कोणी नाही.

आम्ही दोघं जपानमधल्या एका कारखान्यात एकदमच तयार झालो. डीजेला दोन प्लेअर लागतात. एकावर गाणं वाजत असताना दुसऱ्यावर पुढचं गाणं तयार ठेवायचं, आणि पहिलं संपायच्या आत दुसरं त्यात अलगद मिसळायचं. नाचणाऱ्याला कळताही कामा नये की गाणं कुठे बदललं. म्हणून आम्हाला एकमेकांपासून वेगळं कुणी विकतच नसे. बोटीने आलो, गोदीत पडून राहिलो, आणि शेवटी घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलच्या डिस्कोत येऊन पोचलो. साल असेल शहाऐंशी. त्या रस्त्यावर तेव्हा टॉवर नव्हते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून धूळ उडवत जाणारे ट्रक.

तिथे आम्हाला दौलत भेटला.

दौलत डोंबिवलीजवळच्या कोपरचा कोळी. अंगाने बारीक, केस मानेपर्यंत वाढवलेले. त्याची आई सगुणाबाई डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात मासळी विकायची. लेकाने होडीवर जावं असं तिला वाटायचं. लेक हळदीच्या मांडवात कॅसेटी वाजवता वाजवता इथवर आला होता. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला हात लावण्याआधी आपले हात साबणाने धुतले आणि शर्टाला पुसले. इतक्या वर्षांत तेवढ्या मायेने आम्हाला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

दौलतची संगीताबद्दल ठाम मतं होती आणि ती तो कुणालाही ऐकवायचा. "वाईट गाणं मोठ्याने वाजवलं तर ते चांगलं होत नाय, मोठं वाईट होतं," असं म्हणायचा. जुन्या गोड गाण्याला मशीनचा ठोका चिकटवायची फॅशन आली तेव्हा तर तो भडकलाच. म्हणाला, "हे म्हणजे सुरमईला चॉकलेट लावल्यासारखं झालं." पण स्वतः तो माझ्यावर कोळीगीताची तबकडी ठेवायचा, भावावर परदेशी बेसची, आणि दोन्हींची लय अशी जुळवायचा की खाडीवरचा वल्ह्यांचा ताल आणि तो बेस एकाच छातीतून आल्यासारखे वाटायचे. त्या पाच मिनिटांत आख्खा फ्लोअर उडायचा. तेवढी पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही.

मात्र ते हॉटेल चांगलं नव्हतं. लोक तिथे नाचायला येत आणि भांडून जात. कधी टेबल उलटं व्हायचं, कधी बेल्ट निघायचे. एकदा एकाने तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा, मग पुन्हा. दौलतने नकार दिला तेव्हा त्याने बाटली माझ्या कडेवर आपटून फोडली आणि तिचा तुटका गळा दौलतच्या गळ्याला लावला. दौलतने गाणं लावलं.

त्यानंतर तो माणसांकडे बघायला शिकला. म्हणायचा, "नाचणाऱ्याचे पाय काय बघायचे? खांदे बघायचे. खांदे ताठ झाले की समजायचं, आता मारामारी." तसं दिसलं की तो हळूच एखादं संथ गाणं आत सोडायचा. कित्येकदा उगारलेले हात खाली यायचे. आपल्या गाण्याने माणूस शांत होतो, असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं.

ते खोटं ठरलं. एका रविवारी दुपारच्या पार्टीत दोन टोळकी समोरासमोर आली. दौलतने त्याचं सगळ्यात शांत गाणं लावलं. ते चालू असतानाच खुर्च्या उडाल्या. एका तरुणाच्या डोळ्यात काच घुसली. तो आमच्या टेबलावर ओणवा झाला आणि त्याचं रक्त माझ्या फिरत्या थाळीवर सांडलं. थाळी फिरतच राहिली. रक्ताची गोल रेघ उमटली. गाणं तेवढंच गोड वाजत होतं.

त्या दिवशी हॉटेलला कुलूप लागलं. मालक गाव सोडून गेला आणि जाताना आम्हा दोघांना दौलतच्या हवाली करून गेला. थाळीखाली गेलेलं रक्त दौलतने घरी आल्यावर खरवडून काढलं. काढताना तो रडत होता.

मग आमचे बरे दिवस आले. कोपरची हळद, डोंबिवलीची लग्नं, कल्याणचे साखरपुडे. सगुणाबाई कुरकुर करायची, पण आम्हाला दमट हवा लागू नये म्हणून तिने आपली जुनी लुगडी शिवून आमच्यावर पांघरूण घातलं होतं.

याच काळात खाडीकाठची जागा बदलू लागली. सखारामशेठ नावाचा एक बिल्डर चिखलात डेब्रिज, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, टाकून भराव करत होता आणि त्यावर चार चार मजले चढवत होता. वाटेत ज्यांची घरं येत त्यांना आधी गोड बोलून, मग रामा नावाच्या आपल्या माणसाला पाठवून हटवलं जाई. रामा दारात नुसता उभा राहिला तरी लोक सामान बांधायला लागत. त्याच्यापुढे उभा राहिला तो एकच माणूस, सुधीर. बँकेत नोकरी, नाकावर चष्मा, दर रविवारी सगुणाबाईकडून बोंबील घेणारा. त्याने तक्रारी केल्या, खाडीकाठच्या लोकांच्या सह्या गोळा केल्या, भरावाचं काम थांबवलं.

सखारामशेठच्या पुतण्याचा साखरपुडा होता. भर दुपारी, डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये. आख्ख्या वस्तीला आमंत्रण होतं आणि वाजवायला दौलत. सुधीरलाही खास निरोप होता: या, जेवू, बसून मिटवू. तो आला. सरळ माणूस, त्याला वाटलं खरंच मिटेल.

जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. रामा आमच्या टेबलापाशी आला.

"आवाज वाढव."

दौलतने वाढवला. थोड्या वेळाने रामा पुन्हा आला.

"ऐकू येत नाय काय रे? अजून वाढव. फुल कर."

"अरे भाऊ, लोक जेवतायत."

"तुला सांगितलं तेवढं कर."

मित्रांनो, आम्हा प्लेअरना कान नसतात. पण आमची सुई फार हळवी असते. जमिनीला धक्का बसला की तिला कळतं. आमचं टेबल मागच्या भिंतीला टेकून होतं, आणि त्या भिंतीतून मला धक्के येऊ लागले. धप्प. मग नुसतं काहीतरी घसटल्यासारखं. पुन्हा धप्प. ते गाण्याच्या तालात नव्हते. माझी सुई तबकडीवर दोनदा उडाली. दौलतने कपाळाला आठी घातली, माझ्यावर हात ठेवला, आणि त्याच्या तळव्यालाही ते धक्के जाणवले. तो वळला. मागे एक खिडकी होती, तिची काच रंगवलेली होती. त्याने ती ढकलून उघडली.

मागच्या अंगणात, भांडी घासायच्या मोरीत, चौघंजण सुधीरला लोखंडी सळ्यांनी मारत होते. त्याचा चष्मा फरशीवर पडला होता. त्याचं तोंड उघडं होतं, तो ओरडत होता. आणि ते ओरडणं कुणालाही ऐकू येत नव्हतं, कारण आम्ही वाजत होतो.

दौलतने माझी सुई उचलली. मग भावाची.

हॉल एकदम गप्प झाला. वाढणाऱ्यांचे हात थांबले. आणि त्या शांततेत मागून किंकाळी आली. सगळ्यांनी ती ऐकली. दौलतने माईक तोंडाशी घेतला.

"मागे सुधीरभाऊंना मारतायत. सळ्यांनी मारतायत. उठा, बाहेर या!"

कुणी उठलं नाही. माणसं पानाकडे बघत बसली. सखारामशेठ मधल्या खुर्चीत होता, त्याच्याकडे बघायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून सगुणाबाई उठली. हात उष्टाच.

"मेल्यांनो, तिथं माणूस मरतंय नि तुम्ही जिलब्या मोडत बसल्यात? चला गो बायांनो!"

ती धावली. तिच्यामागे बाजारातल्या दोघी, मग आणखी चार, मग लाजेकाजेने पुरुष. मागचं दार त्यांनी अंगाने ढकलून उघडलं. मारणारे भिंतीवरून उड्या टाकून पळाले. सुधीर जिवंत होता.

इकडे हॉल रिकामा होत गेला आणि रामा आमच्याकडे आला. तो एक शब्द बोलला नाही. त्याने माझ्या भावाला दोन्ही हातांनी उचललं. तारा ताणल्या, तुटल्या. त्याने भाऊ डोक्यावर उगारला आणि दौलतच्या डाव्या कानावर मारला. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी भावाचे तुकडे झाले आणि दौलत खाली पडला. तारांना अडकून मीही फरफटत खाली आलो, तेव्हाच माझा दांडा वाकला. दौलतच्या कानातून रक्त येत होतं. ज्या भावाची थाळी त्याने रोज मऊ फडक्याने पुसली, त्याच भावाने त्याचा कान फोडला. यात भावाचा काय दोष? पण हे मला अजून सहन होत नाही.

सुधीरचा पाय कायमचा अधू झाला. दौलतचा डावा कान गेला. डीजेला एक कान हेडफोनला आणि एक हॉलला लागतो. एका कानाचा डीजे होत नाही.

पोलिसांनी मला आणि भावाच्या तुकड्यांना पुरावा म्हणून ताब्यात घेतलं, सुतळीने चिठ्ठी बांधली. आम्ही मुद्देमाल झालो. केस उभी राहीपर्यंत बाहेर काय काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कुणीतरी सगुणाबाईची पाटी भर बाजारात लाथेने उडवली. घराच्या कौलांवर दगड पडायचे. एकाने दौलतला रस्त्यात गाठून सांगितलं, "कोर्टात बोललास तर दुसरा कानपण घेऊ." घरी आल्यावर दौलत आईला म्हणाला, "आये, मना नाय जमाचं."

सगुणाबाई मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "नको जाऊस. मग मी जाते. मी पण बघितलाय." मग मान वर करून ती म्हणाली, "पण सुई तू उचललीस, बाला. मी नाय."

ठाण्याच्या कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं, शेजारी भावाचे तुकडे. दौलत पिंजऱ्यात आला तेव्हा त्याने आधी आमच्याकडे बघितलं. समोर रामा उभा होता, मागच्या बाकावर सखारामशेठ. बचावाच्या वकिलांनी डाव्या बाजूने प्रश्न विचारला. दौलत गप्प. त्यांनी पुन्हा विचारला. दौलत गप्पच. कुणीतरी हसलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो सगळाच्या सगळा वळला आणि उजवा कान पुढे केला.

"या बाजूने विचारा साहेब. तो कान यानेच फोडलेला," आणि त्याने रामाकडे बोट केलं. ते बोट खाली आलं नाही.

रामाला आणि त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली. सखारामशेठ सुटला. आवाज वाढव असं रामा म्हणाला होता. सखारामशेठ काही बोलल्याचं कुणीच ऐकलं नव्हतं. भरावावरची त्याची बिल्डिंग आज उभी आहे, तिच्या गॅलऱ्यांत कपडे वाळतात.

बऱ्याच वर्षांनी मी सुटलो. दौलतने मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. त्याचे केस आता आखूड आणि कानशिलाजवळ पांढरे झाले होते. तो आता डिझेल इंजिनं दुरुस्त करतो, होड्यांची. त्याने माझा गंज काढला, मोटरला तेल दिलं, वाकड्या दांड्यालाच नवी सुई बसवली. मी फिरलो, जरा अडखळत, पण फिरलो.

पुढच्या रविवारी सुधीर काठी टेकत आला. चहा झाला. त्याने माझ्या वाकड्या दांड्यावरून बोट फिरवलं.

"दौलत, तुझं गाणं मी कधी नीट ऐकलंच नाही रे. त्या दिवशी काय वाजत होतं तेही आठवत नाही. थांबलं, तेवढं आठवतं."

दौलत हसला. त्याने माझ्यावर एक तबकडी ठेवली. मिसळायला दुसरा प्लेअर नव्हता, म्हणून एकच गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दौलत उजवा कान माझ्याकडे करून बसला. सगुणाबाई दारात टेकून उभी होती. आवाज बेताचाच होता.

मित्रांनो, आता माझं वय झालं. तुमच्याकडे माझ्यासारखं जुनं यंत्र असेल तर त्याला धूळ खात टाकू नका, कोरड्या फडक्याने पुसत जा, मधूनमधून फिरवत जा. आणि गाणी खूप लावा, नाचा, अगदी मनसोक्त नाचा. फक्त आवाज एवढाच ठेवा, की शेजारी कुणी हाक मारली तर ती तुम्हाला ऐकू येईल. आणि आली, तर उठा.