न विचारलेला रकाना

पेशंटला त्याचा वंश कसा विचारावा, याचं म्हणे ट्रेनिंग! पत्र आलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. बारा वर्षं लंडनमधल्या या हॉस्पिटलात डायबेटिस क्लिनिकच्या रिसेप्शनला बसतेय मी. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण, कुठले’ विचारायचं म्हणजे जात विचारण्यातलाच प्रकार. आईनं थोबाड फोडलं असतं माझं. म्हणून मी कॉम्प्युटरवरच्या वंशाच्या रकान्यात सरळ ‘सांगण्यास नकार’चं बटण दाबायची आणि गोड हसून म्हणायची, "बसा हं."

ट्रेनिंगला शेजारी शिल्पा होती. क्लिनिकमध्ये आपल्या लोकांना मराठीत, हिंदीत, गुजरातीत समजावून सांगायचं काम तिचं. इन्सुलिन कसं घ्यायचं, भात किती खायचा, सगळं. मार्चपासून तिची पोस्ट बंद, असं पत्र आदल्याच दिवशी तिच्या हातात पडलं होतं. रडून रडून डोळे सुजले होते बिचारीचे.

ट्रेनर बाईंनी पडद्यावर तक्ता लावला. आमचं क्लिनिक, वर्ष २००६. भारतीय पेशंट: अकरा.

"अकरा?" शिल्पा उभीच राहिली. "अकरा तर माझ्याकडे एका सकाळी येतात!"

"कागदावर अकराच आहेत," बाई म्हणाल्या. "तेवढ्यांसाठी पोस्ट कशी ठेवणार? नऊशे जणांनी सांगायला नकार दिलाय."

पडद्यावरचा तो आकडा मी परत वाचला.

"आपली माणसं आणि नकार?" शिल्पा माझ्या कानाशी लागली. "अगं श्यामला, नाव विचारलं तर गाव, आजोळ, सगळं सांगतात ती! कोणी विचारलेलंच नाहीये त्यांना. कोण गं ही मेली?"

गप्प बसले असते तर तिला कधी कळलंही नसतं. पण तिनं माझा हात घट्ट धरला होता.

"मी," मी म्हटलं. "ती मेली मीच, शिल्पा. मला वाटलं, विचारलं तर लोकांचा अपमान होईल."

तिनं हात सोडला.

"माझ्या सासूबाईंनाही?"

गेल्याच महिन्यात आल्या होत्या त्या, ईलिंगहून दोन बस बदलून. मी काउंटरमागून उठून त्यांच्या पाया पडले होते. मग परत खुर्चीत बसून तेच बटण दाबलं होतं.

"त्यांनाही," मी म्हटलं.