तेविसावं माणूस

शेवटचा साधा रविवार भांडणात गेला, तोही एका माणसावरून.

बाबा निवृत्त सुतार. अख्ख्या गल्लीला हत्यारं वापरायला द्यायचे आणि वहीत ओळखीच्या प्रत्येकाचं नाव लिहून त्यापुढे त्याने काय नेलं ते टिपायचे. सत्तरी ओलांडल्यावर वहीवरचा विश्वास उडाला, म्हणून कम्प्युटरवर पोट भरणाऱ्या लेकीला त्यांनी मास्तरीण नेमलं. तिने दोन टेबलं करून दिली: एकात माणसं, दुसऱ्यात नेलेली हत्यारं. मग दोन्ही जोडून यादी काढणारी क्वेरी शिकवली.

"जन्मभर टेबलं जोडली," बाबा म्हणाले, "पण खिळ्याशिवाय कधी नाही."

यादी आली. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून ती मोजली, वही मोजली, पुन्हा पडदा मोजला.

"वहीत तेवीस माणसं, इथे बावीस. एक तुझ्या मशीनने खाल्लं."

"तुम्ही मोजायला चुकलात."

"मी मोजायला चुकलो असतो तर गल्लीतलं एकही दार लागलं नसतं."

"तुमच्या बाथरूमचं आजही लागत नाही."

"तो लाकडाचा दोष."

"बारा वर्षं हेच करतेय मी, बाबा. यादी बरोबर आहे."

ती पर्स उचलून निघाली. 'चुकलं माझं' असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. बापाचा हट्ट लेकीत जसाच्या तसा उतरला होता.

बुधवारी बाबा गेले. दुपारच्या झोपेत, न सांगता. एरवी दूध आणायला जातानाही तीनदा सांगून जाणारा माणूस.

पुढे पंधरा दिवस शेजारी येऊन डोळे पुसून गेले, पण रंधा काही कुणी परत आणला नाही. कुणाकडे काय आहे ते बघायला तिने बाबांचा लॅपटॉप उघडला. क्वेरी मंगळवारी जतन केलेली होती. टेबलं जोडणाऱ्या तिच्या 'जॉइन' या शब्दाआधी त्यांनी एकच शब्द घातला होता: लेफ्ट.

तिचे कान तापले. साधा जॉइन फक्त काहीतरी नेलेली माणसं दाखवतो. लेफ्ट जॉइन पहिल्या टेबलातलं एकही माणूस गाळत नाही, त्याने काहीच नेलेलं नसलं तरी. ऑफिसात नव्यांना ती हे पहिल्या आठवड्यात शिकवायची.

तिने क्वेरी चालवली. तेवीस. शेवटच्या ओळीत 'माझी लेक', आणि पुढे हत्याराचा रकाना रिकामा.

रिकामाच असणार. तिच्याकडे नळ गळो की कपाट कुरकुरो, ती फोन करायची आणि पिशवी घेऊन बाबाच हजर व्हायचे.

क्वेरीखाली त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: 'माणूस सापडलं. रविवारी तोंडावर सांगू. आत्ता फोन केला तर म्हणेल मीटिंग आहे.'

ती त्यांच्या खुर्चीकडे वळली.

"चुकलं माझं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तेवीसच होती." मग जरा थांबून म्हणाली, "पण बाथरूमचं दार तुमचंच चुकलंय."