पुरचुंडीत राहिलेली हाक

या मित्रांनो, असे सरकून जवळ बसा. माझा आवाज एके काळी टेकडीपलीकडे जायचा, आता तो माझ्या पोटातच विरतो. ज्याने कंठ दिला त्यानेच तो मिटवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जाण्याआधी एक गोष्ट तुमच्या पदरात घालायची आहे. ती एका भावाची, त्याच्या बहिणीची आणि एका लहान मुलीची आहे. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. पुढे डोळे भरून आले तर लाजू नका.

मी एक जुना वॉकी-टॉकी आहे. हाताच्या पंज्याएवढा, काळा, डोक्यावर आखूड शेंडी आणि कुशीला एक बटण. ते बटण दाबून धरलं की बोलणाऱ्याचा आवाज मी दूरच्या माझ्या जोडीदाराकडे पोचवतो. बोट उचललं की जोडीदाराकडून आलेला आवाज ऐकवतो. पण दोन्ही कामं मला एकदम जमत नाहीत. बटण दाबलेलं असताना मी ठार बहिरा असतो. ही माझी जन्मखोड आहे, तेवढी ध्यानात ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या. शेजारी माझा जोडीदार तयार होत होता. आम्हा दोघांना एकाच खोक्यात निजवलं आणि एका उंच इमारतीच्या बांधकामावर धाडलं. तिथे मी मुकादमाच्या खिशात राहायचो आणि जोडीदार वर क्रेनवाल्याजवळ. "सावकाश... अजून हातभर... बस्स, बस्स!" एवढंच आमचं बोलणं, पण त्यावर माणसांचे जीव टांगलेले असायचे. संध्याकाळी मुकादम मला सदऱ्याच्या बाहीने पुसायचा आणि म्हणायचा, "तू आहेस म्हणून सगळे धड घरी जातात रे!" तसं कौतुक मला पुन्हा कुणी केलं नाही. इमारत उभी राहिली, नवी यंत्रं आली, आणि आम्ही दुरुस्तीच्या दुकानात काचेच्या कपाटात जाऊन बसलो.

तिथून आम्हाला पाणीपुरवठ्याच्या पंपचालकाने घरी आणलं. भरदार मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याचं पंपघर टेकडीवर होतं आणि घर खाली, नदीच्या अंगाला. आदल्या वर्षी नदी चढली तेव्हा फोन मुके झाले होते. बायको, मुलगी, बहीण जिवंत आहेत की नाहीत हे कळायला त्याला दुसरा दिवस उजाडला होता. ती रात्र त्याच्या छातीत रुतून बसली होती. म्हणून जोडीदार राहिला त्याच्या कमरेला, आणि मी राहिलो घरात, त्याच्या थोरल्या बहिणीच्या ताब्यात.

काय सांगू त्या बाईबद्दल! भावाची ती ताई, वहिनीची वन्सं, पण घरात तिचा उल्लेख आत्या असाच व्हायचा, कारण घराचं सगळं बोलणं त्या लहान मुलीच्या तोंडाने चालायचं. ती मुलगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. आई पुलापलीकडच्या शिवणशाळेत दिवसभर मशीन चालवायची, त्यामुळे भिंगरी वाढली ती आत्याच्या पाठीमागे.

आत्याला दोन नाद होते. एक देवाची गाणी. कणीक मळताना, लादी पुसताना, तिच्या तोंडात नाम असायचंच. दुसरा नाद वस्तू गुंडाळण्याचा. चष्म्याला पिशवी, छत्रीच्या मुठीला चिंधी, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. नव्या खुर्च्यांचं वेष्टन तिने कधी काढू दिलं नाही, पाहुणे बसले की चरचर आवाज यायचा. मला तिने जुन्या चादरीचं झबलं शिवलं. भिंगरीची आई हसून म्हणायची, "वन्सं, एक दिवस आम्हालाही गुंडाळून ठेवाल!"

"ठेवीन की! जपलेली वस्तू टिकते," असं आत्या म्हणायची.

दर सुट्टीच्या दिवशी आमची तालीम व्हायची. भाऊ गच्चीवर जायचा, बहीण स्वयंपाकघरात.

"ताई, ऐकू येतंय का? बोल."

"येतंय रे बाळ्या! तुझा आवाज किती बसलाय, काढा घेतलास का? काल पण सांगितलं होतं, तुला आपलं काही..."

आणि हे संपतच नसे. भाऊ जिना उतरून दारात येऊन उभा राहायचा. "ताई, बोट उचल! मी तिकडे ओरडतोय, तुला ऐकू कसं येईल?" मग भिंगरी आत्याचं बोट उचलून धरायची आणि तिघांना हसू आवरायचं नाही. त्या पहाडासारख्या माणसाला यंत्रातून 'बाळ्या' म्हणणारी एवढी एकच बाई जगात होती.

तालमीचा एक नेम होता. घरातून निघायला दोन वाटा होत्या. एक जवळची, नाल्यावरच्या पुलावरून. दुसरी लांबची, शाळेमागून टेकडीवर चढणारी. पंपघरातून दोन्ही दिसायच्या. म्हणून वेळ आली तर भाऊ वरून बघणार, सांगणार, आणि तो सांगेल त्याच वाटेने बहीण पोरीला घेऊन निघणार. त्याच्या हाकेशिवाय पाऊल उचलायचं नाही.

आणि मित्रांनो, वेळ आली. दुपारची. वरच्या खोऱ्यात ढगफुटी झाली होती. नदी फुगली, नाला उलटा वाहू लागला, फोन पुन्हा मुके झाले. मी मात्र बोललो.

"ताई, पाणी चढतंय. औषधं आणि कपडे पिशवीत घाल. वाट कोणती ते मी बघून सांगतो. यंत्र चालू ठेव. बोल."

"बरं बाळ्या. तू जेवलास ना? बोल."

तिने बोट उचललं, अगदी बिनचूक. मला तिचा अभिमान वाटला. तिने पिशवी भरली आणि मग माझ्याकडे बघितलं. बाहेर धो धो कोसळत होतं.

"हे बिचारं भिजलं तर मुकं होईल ग," ती म्हणाली.

तिने माझ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, वर झबलं, त्यावर टॉवेलची पट्टी, आणि वरून दोरीचे वेढे. माझी चांगली घट्ट पुरचुंडी झाली. "भिंगरे, गाठीवर बोट धर. दाब, अजून दाब. शाब्बास!"

गाठ बसली ती नेमकी माझ्या बटणावर.

मला कळलं. ज्या क्षणी बटण आत गेलं त्या क्षणी माझे कान मिटले. मी ओरडू शकत नव्हतो. यंत्राला स्वतःचा शब्द नसतो, तुमचाच शब्द आम्ही वाहून नेतो. आत्याने मला भिंगरीच्या गळ्यात अडकवलं आणि दोघी दाराशी हाकेची वाट बघत बसल्या.

पुढचं मला जोडीदाराने नंतर सांगितलं. टेकडीवर भाऊ जिवाच्या आकांताने बटण दाबत होता. "ताई, पुलावर जाऊ नकोस! शाळेमागून ये! शाळेमागून!" त्याला दिसत होतं की पुलाचा एक खांब कलला आहे. पण त्याने बोट उचललं की घरातला आवाज यायचा. आत्याचं नाम, पावसाचा मारा, आणि भिंगरीचा प्रश्न, "बाबा का बोलत नाहीत?"

"बघत असतील ग. बोलतील. तो विसरणाऱ्यातला नाही."

पाणी उंबरठ्यावरून आत आलं. पायऱ्या बुडाल्या. आत्याने आणखी थोडी वाट बघितली. मग ती उठली. "आता नाही थांबता येत. पुलावरून जाऊ. पलीकडे तुझी आई आहे."

हे त्याने ऐकलं. आणि तो टेकडीवरून धावत सुटला.

सगळी वाट मी त्याला ऐकवत राहिलो. बहिणीचा धाप लागलेला श्वास. पोरीच्या चपला. ओरडणारं पाणी. मग पुलाच्या तोंडाशी आत्याचा आवाज: "तू या दिव्याच्या खांबाला मिठी मार. मी पुढे जाऊन बघते पूल धड आहे का. मी हाक मारल्याशिवाय हलायचं नाही. हललीस तर बघ!"

ती नाम घेत पुढे गेली. नाम हळूहळू लांब गेलं. मग काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर फक्त, "आत्या! आत्या! आत्या!"

भाऊ पोचला तेव्हा भिंगरी खांबाला तशीच चिकटून होती. सांगितल्याप्रमाणे, जागची न हलता. पूल नव्हता.

नदी उतरली. आत्या खालच्या वळणावर सापडली. घरातला चिखल काढून झाल्यावर एका दुपारी आईने माझी पुरचुंडी सोडायला घेतली. गाठ भिजून आवळली होती, दातांनी ओढावी लागली. दोरी सुटली आणि बटण टक्कन वर आलं.

दोघे नवरा-बायको त्या बटणाकडे बघत राहिले.

"गाठीवर बोट भिंगरीने धरलं होतं," आई अगदी हळू म्हणाली. "मला मोठ्या कौतुकाने सांगत होती. मी कशी मदत केली आत्याला, म्हणून."

त्याने मला हातात घेतलं. मग म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहू दे."

रात्रीच्या जेवणाला भिंगरीने घास तसाच ठेवला आणि विचारलं, "बाबा, आम्ही इतकी वाट बघितली. तुम्ही हाक का नाही मारली?"

आईने मान खाली घातली. खरं उत्तर त्याच्या ओठांवर होतं. ते दिलं असतं तर तो सुटला असता. पण मग सात वर्षांच्या एका बोटावर जन्मभराचं ओझं आलं असतं.

"माझं यंत्र बंद पडलं होतं बाळा," तो म्हणाला. "मी बॅटरी भरायला विसरलो."

भिंगरीने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेने काय तुटलं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. ती रडली नाही. ताट घेऊन आईच्या बाजूला जाऊन बसली.

तेव्हापासून बरीच वर्षं गेली. भिंगरी मोठी झाली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. आईशी ती तासतास बोलते. बापाशी बोलते ते कामापुरतं. "तब्येत बरी आहे ना? ठेवते." तो एवढ्या दोन वाक्यांसाठी दिवसभर फोनजवळ बसतो. तालीम कधीच थांबली. जोडीदार गंजून गेला, माझी बॅटरी फुगली, आणि आम्ही ट्रंकेच्या तळाशी पडून आहोत. कधी कधी तो ट्रंक उघडतो, माझ्या बटणावर हलकेच अंगठा फिरवतो आणि देवाचं नाव घेतो. खोटं बोलल्याची क्षमा मागतो, की बहिणीची आठवण काढतो, ते त्याचं त्याला आणि देवाला ठाऊक.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं यंत्र असेल तर त्याला जरूर जपा. भिजू देऊ नका. पण गुंडाळल्यावर एकदा बटणावरून बोट फिरवून बघा. आणि पलीकडून हाक येत नसेल, तर आधी आपल्या हातातलं यंत्र तपासा. पलीकडच्या माणसाने हाक मारलीच नाही असं लगेच मनात धरू नका.

भिंगरी तुम्हाला भेटली तर तिला यातलं काही सांगू नका. तो हक्क तुमचा नाही आणि माझाही नाही. फक्त रात्री निजताना हात जोडाल तेव्हा आत्यासाठी एकदा नाम घ्या. आणि त्यानंतर, घसा फाटेपर्यंत हाका मारूनही ज्याने 'मी हाक मारली नाही' हा ठपका आपल्या माथी लावून घेतला, त्या बापाची आठवण ठेवा.