आजऱ्याचं टार्गेट

या, जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज बँकेतली गोष्ट सांगतो. देव तिथंही होता, पण त्याला कुणी विचारलं नाही.

गुरुप्रसाद कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयात बसायचा. जिल्ह्यातल्या शाखांना वर्षाचं टार्गेट आखून देणं हे त्याचं काम. रीत ठरलेली: एकतीस मार्चला शाखेत जेवढ्या ठेवी, त्यावर वीस टक्के वाढ. शिरोळला ऊस, आजऱ्याला काजू. वीस टक्के मात्र सगळ्यांना सारखेच.

त्या मार्चला विभागाचाच आकडा कमी पडत होता. गुरुप्रसादनं आजरा शाखेच्या मॅनेजर कालिंदीताईंना फोन लावला. "ताई, काजूवाल्यांना म्हणावं, तीन दिवस पैसे खात्यात राहू द्या. एवढी लाज राखा." ऐन काजूखरेदीचा हंगाम, कारखान्यांनाच पैसा हवा, तरी ताई कारखान्या-कारखान्यांतून फिरल्या, हात जोडले. लाज राहिली. एप्रिल लागला तसे पैसे निघून गेले.

आणि टार्गेट आलं ते त्याच फुगलेल्या आकड्यावर.

जूनमध्ये ताई कार्यालयात आल्या. "गुरुप्रसाद, वर्षाची सरासरी धरा की. तीन दिवसांचा पाहुणा घरातला माणूस म्हणून मोजायचा व्हय?"

"बघतो, ताई."

आढावा बैठकीत विभागाचे मोठे साहेब विजयसिंह सगळ्यांदेखत गरजले, "काय मॅडम, आजऱ्यात काजू हाय का नुसती टरफलं?" माणसं हसली. ताईंनी गुरुप्रसादकडं पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं: साहेब, ते पैसे मीच थांबवायला सांगितलेते. पण त्याच्या बढतीचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता. त्यानं मान खाली घालून फाईलचं पान उलटलं.

पुढं ताईंच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. रजेचा अर्ज शेरा मारून परत आला: टार्गेट झाल्यावर. दिवाळीनंतर एका काजू कारखान्यात ठेव मागायला गेलेल्या ताई पायरीवर जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

त्यांच्या जागी राजवीर नावाचा मॅनेजर आला. त्यानंही सरासरीच मागितली. गुरुप्रसादनं त्याच दिवशी सरासरीवर टार्गेट कमी करून कागद साहेबांकडं पाठवला. साहेबांनी न वाचताच सही केली. कागद परत हातात आला, तेव्हा गुरुप्रसादनं तो उलटून पालटून पाहिला. त्यावर कसला वाद नव्हता, कसली चौकशी नव्हती. जूनमध्येही एवढंच लागलं असतं.

माउलींनो, देवाचं नाव घ्याल तेव्हा मध्येच एकदा आजऱ्याच्या कालिंदीताईंची आठवण काढा. त्यांच्या शाखेत त्यांचा फोटोसुद्धा नाही.